मातीचा धडा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत चार ओळी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विषय घरातलाच घेते. "बालवाडीत पोर नुसती माती खेळते, लिहायला कधी शिकवणार?" असे आपण आया नेहमी म्हणतो. ही माती शाळेत आली कशी, ते सांगते.

जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्यांनी मुलांच्या उद्योगांत मातीकामाला जागा दिली. पुढे १९०७ साली मारिया मॉंटेसरी यांनी रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडले. तेथे मुले मातीची लहान भांडी करीत, इवल्या विटा पाडून त्या भाजीत आणि त्यांच्या भिंती रचीत. हाताने उपयोगाची वस्तू घडावी, हा त्यामागचा विचार होता.

आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्या कामात ताराबाई मोडक सामील झाल्या. मॉंटेसरीची साधने महाग. खेड्यातल्या शाळेला ती कशी परवडणार? ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावात मिळणाऱ्या बिया, शिंपले, पाने, माती हीच त्यांची साधने झाली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. तीच अंगणवाडी. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. पुढे १९७५ पासून सरकारी योजनेतही अंगणवाडी हेच नाव आले.

म्हणजे माती हा वेळ घालवण्याचा उद्योग नव्हे. पैसा नसलेल्या मुलालाही शाळा मिळावी, म्हणून या बायांनी मातीला हात घातला. शिवाय गोळा मळताना, वळी वळताना बोटांत जे बळ येते, तेच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते.

आपल्या सोलापूरची काळी माती वाळली की तडकते. मी शेजारच्या पोरांना ती चाळून, थोडी राख मिसळून, चांगली तिंबून देते. पोळ्याला बैल, संक्रांतीला बोळकी, असे काही ना काही ती करतात. बैलाला कधी तीन पाय होतात, कधी पाच. मी हसत नाही, "याचे शिंग कुठले?" एवढेच विचारते, आणि पोर पुन्हा गोळा हातात घेते.

मंडळाच्या खोलीत दर शनिवारी एक घमेले माती ठेवावी, एवढीच माझी सूचना आहे. खर्च काही नाही. फरशी पुसायला मी येईन.