बाप रंगमंचावर का येत नाही?

मराठी नाटकात वडिलांची कमतरता नाही. ‘नटसम्राट’मधले (१९७०) अप्पा बेलवलकर, ‘कन्यादान’मधले (१९८३) नाथ देवळालीकर, ‘गिधाडे’मधले पप्पा अशी नावे कुणालाही सहज आठवतील. कुणी निवृत्त नट, कुणी समाजवादी कार्यकर्ता, कुणी मालमत्तावाला. मात्र ज्याच्या हाताला घट्टे पडले आहेत आणि जो आठवड्याच्या मजुरीवर घर चालवतो, अशा बापाची घरावरची सत्ता हाच ज्याचा विषय आहे, असे नाटक शोधू लागलो की आपण अडखळतो. वाशीम जिल्ह्यात साहित्य शिकवताना हा प्रश्न मला पुस्तकापेक्षा वर्गात अधिक जाणवला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा शेतीचा आणि शेतमजुरीचा. समोर बसलेल्या बहुतेकांचे वडील बाजार समितीत पोती उचलणारे, जिनिंगमध्ये राबणारे, नाहीतर हंगाम संपला की पुण्या-मुंबईकडे जाणारे.

वास्तविक आपल्या आधुनिक नाट्यलेखनाच्या अगदी आरंभी कष्टकऱ्याचे घर उभे आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही. पुढे शतकाहून अधिक काळ ते छापले गेले नाही. त्यातला कुणबी नवरा घराचा धनी आहे खरा. पण गर्भवती बायकोला ग्रहांची भीती घालणारा जोशी दारात येतो आणि घरातला पैसा कुठे जायचा हे तोच ठरवतो. म्हणजे कष्टकरी पुरुषाची घरातली सत्ता ही बाहेरच्या कुणाच्या तरी सत्तेखाली दबलेली असते, हे फुल्यांनी पहिल्याच नाटकात नेमके दाखवले. शेवटी नवरा-बायको दोघेही रात्रीच्या शाळेत जायला निघतात. होऊ घातलेला हा बाप सत्ता गाजवायला शिकत नाही, अक्षरे शिकतो. हे नाटक वेळीच रंगभूमीवर आले असते तर आपला नाट्येतिहास कसा वळला असता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे हा माणूस रंगमंचावर ठसठशीतपणे आला तो १९७२ मध्ये, विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मधून. कमलाकर सारंग यांचे दिग्दर्शन, निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. सेन्सॉरने प्रयोग रोखले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. हा इतिहास इतका सांगितला गेला आहे की त्याच्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडते. सखाराम पुस्तकबांधणीचे काम करणारा कामगार आहे, आणि तो बापाच्या माराला कंटाळून अकराव्या वर्षी घरातून पळालेला मुलगा आहे. त्याने लग्नसंस्था नाकारली, देवाधर्माचा दांभिकपणा नाकारला; पण स्वतःचे घर मांडताना त्याला दुसरा कुठला नमुनाच ठाऊक नव्हता. नवी बाई दारात आली की तो नियम ऐकवतो, आणि नियम मोडला की मारतो. गणपतीच्या आरतीला दाऊद नको म्हणणाऱ्या लक्ष्मीला तो बडवतो तेव्हा त्याची बाजू उदारमतवादी असते आणि हात मात्र बापाचा असतो. ज्या बापाला आपण कधी पाहत नाही, तो सबंध नाटकभर त्या हातातून वावरतो. अखेरीस चंपाचा गळा दाबल्यावर सखाराम गोठून उभा राहतो आणि लक्ष्मी खड्डा खणण्याचे काम हाती घेते. घराची सत्ता हातातून कशी निसटते, याचे इतके निष्ठुर दृश्य मराठीत दुसरे मला माहीत नाही.

इथे ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन नाटककाराच्या ‘फेन्सेस’ची (१९८५) आठवण अपरिहार्य आहे. पिट्सबर्गमधला कचरागाडीवरचा कामगार ट्रॉय मॅक्सन हाही बापाचा मार खाऊन चौदाव्या वर्षी घर सोडलेला. मुलाची फुटबॉलची संधी तो स्वतःच्या हाताने बंद करतो. मूळ जखम तीच. फरक असा की विल्सनने बापाला अंगणाच्या मध्यभागी उभे केले, बोलू दिले, चुकू दिले, आणि शेवटच्या प्रवेशात त्याच्या मृत्यूनंतर मुलाला त्याच्याशी हिशेब करायला लावला. सखारामला मूल नाही. हिशेब मागायला कुणी उरतच नाही.

जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) आपल्याला गिरणगावातल्या एका खोलीत नेते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने लाखो कामगारांच्या घरांतला कर्ता पुरुष अर्थहीन करून टाकला. नाटकात बाप नाही. आई आहे, आणि बापाची रिकामी जागा अंगावर घेऊन भरकटणारी मुले आहेत. या अनुपस्थितीला मी दोष मानत नाही. ज्या सत्तेचा आधार मिलच्या भोंग्यात होता, ती भोंग्याबरोबरच गेली. गंमत म्हणजे याच नाटकावरून २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ हा चित्रपट झाला तेव्हा त्यात बाप पडद्यावर जिवंत दिसला.

आमच्याच जिल्ह्यातले शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्याही केंद्रस्थानी कष्टकरी आई आहे. आईवर लिहिणे आपल्याला जमते. तिचे कष्ट निर्विवाद असतात. बापाच्या कष्टांना त्याच्या मारझोडीची किनार असते, आणि दोन्ही एकाच वाक्यात लिहायला धैर्य लागते.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी युवक महोत्सवासाठी हमालाच्या घरावर एकांकिका लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यात बाप मेलेला होता, दुसऱ्यात दारू पिऊन पडलेला. मी म्हटले, त्याला जरा उठवा. तिसऱ्या खर्ड्यात तो बाजारातून घरी येतो, पैसे मोजतो आणि मुलीच्या प्रवेश-शुल्काला नाही म्हणतो. संहिता मंजूर झाली. पण ती भूमिका करायला आठ दिवस कुणी तयार होईना. अखेर एक अबोल मुलगा उठला. तालमीत त्याने कुणालाही न विचारता, आत येताच आधी मानेवरचा रुमाल झटकला आणि मग उंबऱ्यावरच बसला. संहितेत तसे काही लिहिलेले नव्हते.