ऑइल पेंटमधले सर्वात स्वस्त रंगच सर्वात टिकाऊ कसे?

ऑइल पेंटिंग शिकायला घेतलं की पहिला धक्का बसतो तो ट्यूबच्या किमतीचा. कंपनी एक, आकार एक. तरी यलो ऑकर स्वस्त आणि कोबाल्ट ब्लू त्याच्या कितीतरी पट महाग. मग स्वस्त ट्यूब म्हणजे कमी दर्जा का? मातीच्या रंगांच्या बाबतीत तरी तसं नाही.

किंमत कशावर ठरते?

ऑइल पेंट म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड आणि सुकणारं तेल, बहुतेक वेळा जवसाचं. यात महाग असतं ते रंगद्रव्य. म्हणून आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबवर बहुधा 'सिरीज' क्रमांक छापतात. सिरीज १ सर्वात स्वस्त. कोबाल्ट आणि कॅडमियम हे महाग धातू आहेत. मातीच्या रंगांत असतं लोह, आणि ते मुबलक मिळतं.

मातीचे रंग कोणते?

यलो ऑकर: पिवळी माती. यात लोहाच्या ऑक्साइडसोबत पाण्याचा अंश असतो.

रेड ऑकर: आपला गेरू. वारली चित्रांआधी भिंतीला लावतात तोच.

सिएना: इटलीतल्या सिएना शहरावरून नाव पडलेली माती. ती भाजली की पाण्याचा अंश उडतो, रंग तांबूस होतो आणि बर्न्ट सिएना तयार होतो.

अंबर: यात लोहासोबत मँगनीज असतं. त्यामुळे हा रंग लवकर सुकतो आणि चित्राच्या पहिल्या थराला सोयीचा पडतो.

हे रंग किती टिकतात?

लोहाचे ऑक्साइड उजेडाने फिके पडत नाहीत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतले पिवळे-तांबडे रंग अशाच मातीचे आहेत. गोवा आणि कोकणातल्या मंदिरांवरची कावी चित्रंही लाल मातीचीच. उलट अ‍ॅलिझरिन क्रिमसनसारखा देखणा लाल रंग उजेडात हळूहळू उडतो.

कमी पैशांत काय घ्यावं?

स्टुडंट दर्जाच्या रंगांत भराव जास्त आणि रंगद्रव्य कमी असतं. नावापुढे 'ह्यू' असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी सहसा स्वस्त पर्याय वापरलेला असतो. म्हणून स्टुडंट दर्जाचा बारा रंगांचा संच घेण्यापेक्षा आर्टिस्ट दर्जाच्या चार ट्यूब घेणं फायद्याचं ठरतं: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू. शेवटच्या दोन मिसळल्या की जवळपास काळा रंग मिळतो. झगझगीत पिवळा किंवा जांभळा मात्र या चौघांतून निघत नाही.

खरेदीआधी ट्यूबवरचा रंगद्रव्याचा कोड पाहावा. नैसर्गिक यलो ऑकरचा कोड 'पीवाय ४३', कारखान्यात बनवलेल्या पिवळ्या लोह-ऑक्साइडचा 'पीवाय ४२'. टिकायला दोन्ही उत्तम. सिएना आणि अंबरवर 'पीबीआर ७' असतो.

घरी बनवता येतो का?

येतो. चाळलेली पूड काचेवर घेऊन त्यात जवसाचं तेल थेंबाथेंबाने घालायचं आणि सपाट तळाच्या काचेच्या बत्त्याने घोटायचं. पूड हाताळताना मास्क हवाच. अंबरमधलं मँगनीज श्वासातून जाणं घातक आहे. तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.