स्वभाव की आजार?

'स्वभावाला औषध नाही' असे आपण सहज म्हणून जातो. पण एखाद्याचा स्वभाव हाच आजार आहे, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

१९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या इस्पितळांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण लंडनपेक्षा कितीतरी अधिक नोंदले जात. संशोधकांनी दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच आराखड्याचे प्रश्न विचारले आणि हा फरक बव्हंशी नाहीसा झाला. फरक रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या सवयीत होता! हा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला.

जिथे भास-भ्रम असलेल्या आजाराची ही गत, तिथे स्वभावाचे काय? १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली 'डीएसएम-३' ही नियमावली आली. तिने व्यक्तिमत्त्व विकारांना वेगळा कप्पा दिला, प्रत्येकाची लक्षणे नोंदवली. त्यावरूनच पुढे ठराविक प्रश्नांच्या मुलाखती तयार झाल्या.

अरमांड लोरँगर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेली 'आयपीडीई' ही मुलाखत त्यातली महत्त्वाची. नुसत्या 'हो'वर ती थांबत नाही, उदाहरण मागते. वागणूक निदान ५ वर्षे टिकलेली हवी आणि विकाराचे एखादे तरी लक्षण पंचविशीच्या आत दिसलेले हवे. कारण उघड आहे. दोन महिने नैराश्याने खचलेला माणूस भित्रा, चिडखोर वाटतो. पण तो त्याचा आजार, स्वभाव नव्हे. शिवाय आपले दोष आपल्याला दिसतातच असे नाही, म्हणून घरच्यांनाही विचारण्याची सोय आहे.

११ देशांतल्या १४ केंद्रांत ७१६ रुग्णांवर ती पडताळून पाहिली गेली. त्यात आपल्या शेजारचे बंगळुरूही होते. १९९४ साली निष्कर्ष आले: वेगवेगळ्या संस्कृतींतल्या तज्ज्ञांचे निदान बऱ्यापैकी जुळते.

मात्र निदान जुळले म्हणजे ते खरेच असते असे नव्हे. २०२२पासून लागू झालेल्या 'आयसीडी-११'ने स्वभावाचे जुने बहुतेक प्रकार मोडीत काढले आणि विकार किती तीव्र आहे, याला महत्त्व दिले. कप्पे बदलले, पण उदाहरण मागण्याची शिस्त टाकून चालणार नाही. कारण कागदावर लिहिलेला एक शब्द माणसाला जन्मभर चिकटू शकतो.