फार्ममध्ये लाखो, नदीत जवळपास शून्य: चीनच्या महाकाय सॅलॅमँडरचं काय झालं?

लांबी जवळपास सहा फूट, वजन ५० किलोपर्यंत. दिसायला अजस्र पालीसारखा, पण नातं बेडकाशी. चीनचा महाकाय सॅलॅमँडर जगातल्या सर्वांत मोठ्या उभयचरांपैकी एक. चिनी भाषेत त्याला ‘वावायू’, म्हणजे ‘बाळमासा’ म्हणतात, कारण त्याचा आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा वाटतो म्हणे!

डोंगरातल्या थंड, वाहत्या पाण्यात तो दगडांच्या कपारीत राहतो आणि रात्री बाहेर पडतो. नजर अधू असल्यामुळे पाण्यातली हालचाल त्वचेने टिपून शिकार करतो. श्वासही मुख्यतः त्वचेतूनच घेतो, त्यामुळे पाणी खराब झालं की थेट जिवावर बेततं. अंड्यांची राखण मात्र नर करतो.

मग तो संपत का चाललाय? मोठं कारण म्हणजे त्याचं मांस. चीनमध्ये ते महागडं पक्वान्न आहे. नदीतून पकडायला बंदी, पण फार्मवर पाळून विकायला परवानगी. आज अशा फार्ममध्ये लाखो सॅलॅमँडर आहेत. ऐकायला छान वाटतं, पण फार्म भरण्यासाठी प्राणी आणले नद्यांतूनच.

२०१३ ते २०१६ दरम्यान संशोधकांनी चीनमधली ९७ ठिकाणं पालथी घातली. सापडले फक्त २४, तेही चारच ठिकाणी. शिवाय जनुकीय तपासणीत ते त्या भागातले मूळचे वाटलेच नाहीत. बहुधा फार्ममधून सोडलेले किंवा निसटलेले.

इथेच खरी गोम आहे. २०१८ च्या अभ्यासानुसार ही एक नव्हे, किमान पाच वेगळ्या प्रजाती असाव्यात. फार्ममध्ये त्यांची सरमिसळ झाली आणि ‘संवर्धन’ म्हणून तेच प्राणी हजारोंनी नद्यांत सोडले गेले. म्हणजे उरलेसुरले मूळ वंशही पुसले जाण्याचा धोका.

जपानमध्ये उलटीच डोकेदुखी. १९७० च्या दशकात खाण्यासाठी आणलेले चिनी सॅलॅमँडर क्योतोच्या कामो नदीत पसरले आणि स्थानिक महाकाय सॅलॅमँडरशी त्यांचा संकर झाला. २०२४ मध्ये जपानने त्यांना आक्रमक परदेशी प्रजाती ठरवलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी, चीनच्या नद्यांतून नाहीशी झाली असावी असं मानली जाणारी दक्षिण चिनी प्रजाती जपानमध्येच जिवंत सापडली. त्यातला एक प्राणी टोकियोच्या मत्स्यालयात होता, दुसरा हिरोशिमाच्या प्राणिसंग्रहालयात.