ओठ वाचता येतात, मग कानाचं मशीन कशाला?

"मशीन लावलं तरी नुसता गुंगाट येतो, शब्द कळत नाहीत." असं म्हणून कानाचं मशीन अनेक घरांत कपाटात पडून राहतं. पण बोलणाऱ्याच्या ओठांवरून शब्द ओळखणाऱ्याला तो अस्पष्ट आवाजही उपयोगी पडतो.

ओठांवर काय दिसतं?

"नांदेड" म्हणताना 'आ'साठी तोंड उघडतं आणि 'ए'साठी ओठ फाकतात. "लातूर" म्हणताना 'ऊ'साठी ओठांचा चंबू होतो. त्यामुळे एसटीत कितीही गोंगाट असला, तरी ही दोन नावं नजरेनं वेगळी करता येतात.

आता आरशासमोर आवाज न काढता "पाट", "भात" आणि "माठ" म्हणून पाहा. तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. प, भ, म यांसाठी ओठ सारखेच मिटतात. पुढच्या ट, त, ठ यांसाठी जीभ तोंडाच्या आत हलते, ती बाहेरून नीट दिसत नाही.

आवाज काय भरून काढतो?

'भ' आणि 'म' म्हणताना ओठ मिटलेले असतानाच गळा थरथरतो, 'प'ला तसं होत नाही. 'म'मध्ये तर नाकातून हुंकार येतो. या खुणा खालच्या पट्टीतल्या असतात. 'स', 'श' यांचा वरच्या पट्टीतला आवाज ऐकू न येणाऱ्या अनेकांना त्या ऐकू येतात.

जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नायसली यांनी 1955 मध्ये दाखवलं, की गोंगाटातही या दोन खुणा टिकतात. अक्षर ओठांवर उच्चारलं की जिभेनं, हे मात्र कानाला कळेनासं होतं. नेमकं तेच डोळ्याला बऱ्यापैकी दिसतं. कानाचं उणं डोळा भरून काढतो आणि डोळ्याचं कान.

आवाजाच्या चढउतारानंही फरक पडतो. "आला." आणि "आला?" ओठांवर सारखेच दिसतात. फक्त हा चढउतार ऐकवला तरी ओठ वाचणं बरंच सोपं होतं, हे 1981 मध्ये ब्रिटनमधल्या प्रयोगात दिसलं. उरलेला अंदाज संदर्भावरून येतो: जेवायला बसल्यावर "भात", पाणी भरताना "माठ".

घरच्यांनी काय करावं?

समोर बसून, तोंडावर उजेड येईल असं बोलावं. तोंडापुढे हात धरू नये. ओरडू नये, त्यानं ओठांचा आकार बिघडतो. मशीन बंद करण्याआधी ते तज्ज्ञांकडून जुळवून घ्यावं. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.