कायरोप्रॅक्टिक व कण्याचे क्ष-किरण चित्रण

कायरोप्रॅक्टिक ही हातांनी मणक्यांची जुळणी करून विकार बरे करण्याची अमेरिकन उपचारपद्धती होय. डॅनिएल डेव्हिड पामर यांनी ती १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. क्ष-किरणांचा शोधही त्याच वर्षीचा. मणका किंचित सरकल्याने तंत्रिकांच्या कार्यात व्यत्यय येऊन रोग उद्भवतात, असे पामर मानीत. त्यांचे पुत्र बी. जे. पामर यांनी १९१० मध्ये आपल्या विद्यालयात क्ष-किरण यंत्र आणले. निदानापेक्षा सिद्धांताला दृश्य पुरावा मिळविणे, हाच त्यामागील मुख्य हेतू दिसतो.

मेडिकेअर या शासकीय आरोग्यविम्यात १९७२ च्या कायद्याने या उपचारांचा समावेश झाला, तो मणका सरकल्याचे क्ष-किरण चित्राने दाखविण्याच्या अटीवर. साहजिकच विम्याचा लाभ हवा असलेल्या वृद्ध रुग्णाला, गरज असो वा नसो, प्रारण घेणे भाग पडले. ही अट २००० मध्ये उठली. तत्पूर्वी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कण्याची एमआरआय तपासणी केली असता केवळ ३६ टक्के व्यक्तींच्या सर्व चकत्या निर्दोष आढळल्या. चित्रात दिसणारा दोष हेच वेदनेचे कारण, हे गृहीतक त्यामुळे डळमळले. अस्थिभंग, कर्करोग यांसारख्या गंभीर विकाराची लक्षणे नसल्यास नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे कण्याचे चित्र काढू नये, असे अमेरिकन कायरोप्रॅक्टिक संघटनेनेच २०१७ मध्ये सुचविले. व्यवसायातील एका गटाला मात्र ते मान्य झाले नाही.