जुना डिजिटल कॅमेरा : पारख कशी करावी?

खास प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

उस्मानपुऱ्यातील संत एकनाथ रंगमंदिरात तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातील दिवे मालवतात आणि पडदा उघडतो. छायाचित्रकाराची खरी परीक्षा येथून सुरू होते. रंगमंचावरील प्रकाश डोळ्यांना पुरेसा वाटतो, कॅमेऱ्याला मात्र तो अपुरा पडतो. फ्लॅश वापरता येत नाही, नट एका जागी थांबत नाही आणि निसटलेला क्षण पुन्हा मिळत नाही.

विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र किंवा पत्रकारिता विभागात शिकणारा एखादा विद्यार्थी साठवलेल्या मोजक्या पैशांतून पहिला कॅमेरा घेऊ पाहतो, तेव्हा वापरलेला जुना डिजिटल कॅमेरा हा पर्याय त्याच्यासमोर हमखास येतो. अनेक घरांच्या कपाटांतही असे कॅमेरे पडून आहेत. तो घ्यावा का, कपाटातला पुन्हा वापरात आणावा का, हे ठरवताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो मेगापिक्सेलचा. हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो पहिला नसावा. आपण कोणत्या प्रकाशात छायाचित्रे काढणार आहोत, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

ही पारख कशी करावी हे समजण्यासाठी निकॉन कंपनीचा डी७० हा कॅमेरा नमुना म्हणून घेऊ. जानेवारी २००४ मध्ये जाहीर झालेला हा कॅमेरा आपल्या काळात हौशी आणि अर्धव्यावसायिक छायाचित्रकारांत लोकप्रिय होता. आज तो वीस वर्षांहून अधिक जुना आहे. याच कसोट्या अन्य कोणत्याही जुन्या कॅमेऱ्याला लावता येतील.

कागदावरील ओळख

डी७० हा लेन्स बदलता येणारा एसएलआर कॅमेरा आहे. त्यात २३.७ गुणिले १५.६ मिलिमीटरचा सीसीडी सेन्सर असून त्याची क्षमता ६.१ मेगापिक्सेल आहे. आयएसओ २०० ते १६००, शटरचा वेग ३० सेकंदांपासून १/८००० सेकंदापर्यंत, सेकंदाला ३ छायाचित्रे आणि स्वयंचलित फोकससाठी पाच बिंदू, अशी त्याची प्रमुख वैशिष्ट्ये. मागील पडदा अवघा १.८ इंचांचा आहे. चित्रफीत काढण्याची सोय नाही आणि पडद्यावर दृश्य पाहत छायाचित्र टिपण्याचीही सोय नाही. डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावावा लागतो. छायाचित्रे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर साठवली जातात. या कॅमेऱ्यासोबत १८-७० मिलिमीटर, एफ/३.५-४.५ ही लेन्स दिली जात असे.

मेगापिक्सेलचा हिशेब

सहा मेगापिक्सेल हा आकडा आज मोबाइलच्या तुलनेत किरकोळ वाटतो. प्रत्यक्ष हिशेब करून पाहावा. डी७० चे छायाचित्र ३००८ गुणिले २००० पिक्सेलचे असते. इंचाला ३०० पिक्सेल या उत्तम दर्जाने ते छापले, तर सुमारे १० गुणिले पावणेसात इंचांचे चित्र मिळते. इंचाला २०० पिक्सेल धरले, तर ते १५ गुणिले १० इंचांपर्यंत जाते. घरातील अल्बम, भिंतीवरची मध्यम आकाराची चौकट, स्मरणिकेचे पान यांसाठी एवढे पुरेसे आहे. छायाचित्राचा मोठा भाग कापून उरलेला छोटा तुकडा वाढवायचा असेल, तर मात्र हा आकडा तोकडा पडतो.

पिक्सेलच्या संख्येइतकाच त्यांचा आकार महत्त्वाचा असतो. त्या काळच्या खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांत साधारणपणे ६ गुणिले ४ मिलिमीटरच्या आसपासचा सेन्सर असे. डी७० च्या सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे पंधरा पट भरते. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलला अधिक प्रकाश मिळतो. म्हणूनच २००७-०८ च्या सुमाराचा आठ मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा कागदावर सरस दिसला, तरी सायंकाळच्या प्रकाशात सहा मेगापिक्सेलचा हा जुना एसएलआर त्याला मागे टाकतो.

भर उन्हात : मकबरा आणि लग्नमंडप

मराठवाड्यात ऊन मुबलक. या प्रकाशात डी७० चे वय जाणवत नाही. आयएसओ २०० वर, एफ/८ ला, शटरचा वेग १/८०० सेकंदाच्या घरात ठेवता येतो आणि दाणेदारपणा जवळपास दिसत नाही.

येथे कस लागतो तो प्रकाशमापनाचा. कोणताही कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून प्रकाश मोजतो. बीबी का मकबऱ्याची संगमरवर आणि चुन्याच्या गिलाव्याची शुभ्र वास्तू चौकटभर घेतली, तर कॅमेरा तिला करडी करून टाकतो. डी७० चे मापन मुळातच सावध असून ते चित्र किंचित काळवंडलेले ठेवते. मकबऱ्यासमोर एक्स्पोजर अर्ध्या ते एका पायरीने वाढवावे लागते. वेरूळच्या कैलास लेण्यात नेमके उलटे घडते. काळा बेसाल्ट चौकट व्यापतो, कॅमेरा दृश्य उजळ करू पाहतो आणि वरचे आकाश पांढरेफटक होऊन जाते. एकदा पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर संगणकावरही परत मिळत नाही. छोट्या पडद्यावर विसंबून न राहता हिस्टोग्राम पाहण्याची सवय लावली, तर ही अडचण बरीचशी दूर होते.

एका बाबतीत हा जुना कॅमेरा नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांपेक्षा पुढे आहे. त्याचा फ्लॅश १/५०० सेकंदापर्यंतच्या शटरवेगाशी जुळतो. दुपारच्या लग्नात, डोक्यावर ऊन आणि मुंडावळ्यांखाली सावली अशा वेळी, चेहऱ्यावर फ्लॅशचा हलका उजेड देताना हा वेग फार उपयोगी पडतो. निकॉनच्याच डी९० मध्ये ही मर्यादा १/२०० सेकंद आहे. नवे ते प्रत्येक बाबतीत वरचढ असतेच असे नाही, याचे हे चांगले उदाहरण होय.

हिमरूची बारीक वीण

या शहराची ओळख असलेली हिमरू शाल किंवा पैठणीचा पदर ही कॅमेऱ्याची आणखी एक कसोटी. कापडाची वीण आणि सेन्सरवरील पिक्सेलची जाळी एकमेकींवर आल्या की छायाचित्रात मूळ कापडात नसलेल्या रंगीत लाटा उमटतात. या दोषाला मोआरे म्हणतात. तो टाळण्यासाठी सेन्सरपुढे तपशील किंचित मवाळ करणारा काचेचा थर बसवलेला असतो. डी७० मध्ये हा थर तुलनेने सौम्य आहे. त्यामुळे तपशील टवटवीत दिसतो. पण बारीक विणीवर मोआरे उमटण्याची शक्यता वाढते. कॅमेरा तपासताना बारीक विणीचे कापड वेगवेगळ्या अंतरांवरून टिपून पाहावे. दोष दिसल्यास थोडे पुढे-मागे सरकले तरी तो बरेचदा नाहीसा होतो. कापड व्यवसायासाठी छायाचित्रे काढणाऱ्यांनी ही कसोटी टाळू नये.

मंद प्रकाश : रंगमंदिर ते अजिंठा

आता पुन्हा रंगमंदिराकडे वळू. डी७० चा कमाल आयएसओ १६००. तेथे दाणे स्पष्ट दिसू लागतात आणि सावल्यांतील रंग फिके पडतात. समजा, रंगमंचावरील प्रकाशात १६०० आयएसओ आणि सोबतच्या लेन्सच्या एफ/४.५ या छिद्राला १/२० सेकंद एवढा शटरवेग मिळाला. एवढ्या वेळात नटाचा उचललेला हात अस्पष्ट होणारच. आता त्याच कॅमेऱ्याला ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही साधी लेन्स लावली, तर सहा पटींहून अधिक प्रकाश आत येतो आणि वेग १/१२५ सेकंदावर जातो. तोच जुना कॅमेरा, तेच नाटक. पण छायाचित्र मिळते. फोकसची खोली मात्र कमी होते, त्यामुळे फोकस नेमका डोळ्यांवर हवा.

येथे डी७० चा आणखी एक गुण कामी येतो. फोकसची मोटर कॅमेऱ्यातच असल्याने ज्यांत मोटर नाही अशा निकॉनच्या जुन्या, स्वस्त लेन्सही त्यावर स्वयंचलित फोकस करतात. २००६ मध्ये आलेल्या डी४० मध्ये ही मोटर नाही. कॅमेऱ्याची किंमत ठरवताना त्यावर कोणत्या लेन्स चालतील, हे म्हणूनच आधी पाहावे.

अजिंठ्यात प्रश्न वेगळा आहे. तेथे चित्रे स्थिर आहेत, पण प्रकाश अत्यल्प आहे. रंगांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाई आहे आणि तिपाईसाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. लेण्यांतील अपुऱ्या प्रकाशाची ही अडचण कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारे मेजर रॉबर्ट गिल यांनी पुढे तेथे कॅमेराही वापरला. त्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या काचेच्या प्लेटांच्या तुलनेत १६०० आयएसओ म्हणजे चैनच. डी७० ने येथे १८ मिलिमीटरच्या विस्तृत कोनात, श्वास रोखून, १/१५ ते १/३० सेकंदाच्या आसपास छायाचित्र घेता येते. आधारासाठी भिंतीला किंवा खांबाला मात्र टेकू नये. त्यांवरही चित्रे आहेत.

लेण्यांत आणि नाट्यगृहात छायाचित्रे नेहमी रॉ प्रकारात, म्हणजे निकॉनच्या एनईएफ स्वरूपात, घ्यावीत. पिवळसर दिव्यांमुळे बिघडलेला रंग त्यातून नंतर दुरुस्त करता येतो. डी७० च्या या फाइली आजच्या संगणकीय आज्ञावलींतही उघडतात, ही जमेची बाजू.

चार वर्षांनी काय बदलले?

ऑगस्ट २००८ मध्ये निकॉनने डी९० आणला. १२.३ मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर, आयएसओ ३२००, तीन इंचांचा स्पष्ट पडदा, एसडी कार्ड आणि पडद्यावर पाहून छायाचित्र टिपण्याची सोय ही त्यातील भर. चित्रफीत काढू शकणारा तो पहिला एसएलआर कॅमेरा ठरला. फोकसची मोटर त्यातही आहे. ज्याला प्रामुख्याने नाट्यगृहात किंवा रात्रीच्या कार्यक्रमांत काम करायचे आहे, त्याने थोडी अधिक रक्कम मोजून या पिढीचा कॅमेरा शोधावा. उन्हातील वास्तू, निसर्ग, व्यक्तिचित्रे आणि मुख्यतः छायाचित्रणाचा अभ्यास यांसाठी डी७० अजूनही कामाचा आहे.

घेण्यापूर्वी ही तपासणी करा

जुन्या कॅमेऱ्यात सेन्सरपेक्षा त्याच्या भोवतालचे भाग लवकर म्हातारे होतात. म्हणून व्यवहार करण्यापूर्वी पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात.

* बॅटरी : डी७० ला ईएन-ईएल३ किंवा ईएन-ईएल३ए ही बॅटरी लागते. डी९० ची ईएन-ईएल३ई नावाने जवळची असली, तरी ती चालत नाही. जुनी बॅटरी पूर्ण भरून किती छायाचित्रे निघतात, ते पाहावे.
* कार्डाची खाच : कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या खाचेत बारीक सुया असतात. एक जरी वाकली तरी कॅमेरा कार्ड ओळखत नाही. विजेरीच्या उजेडात आत पाहावे. संगणकाला जोडण्याचा कार्ड रीडर मिळतो का, याचीही चौकशी करावी.
* सेन्सरवरील धूळ : या कॅमेऱ्यात धूळ झटकण्याची यंत्रणा नाही. एफ/२२ वर मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घ्यावे. काळे ठिपके म्हणजे धूळ; ती स्वच्छ करता येते. ओरखडा मात्र जात नाही.
* सदोष पिक्सेल : लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचे छायाचित्र घ्यावे. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे लाल, निळे ठिपके मोजावेत.
* शटर : निकॉनच्या छायाचित्रांच्या फाइलमध्ये शटर किती वेळा उघडले याची नोंद असते. ती वाचणाऱ्या मोफत आज्ञावली उपलब्ध आहेत. १/८००० सेकंदापासून संथ वेगापर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकेक छायाचित्र घेऊन उजेड सारखा येतो का, हे तपासावे.
* हिरवा दिवा : डी७० च्या काही नगांत कार्डाचा हिरवा दिवा सतत लुकलुकत राहून कॅमेरा बंद पडण्याचा दोष आढळला होता. कॅमेरा निदान अर्धा तास वापरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.
* लेन्समधील बुरशी : लेन्स उजेडासमोर तिरकी धरून आत जाळ्यासारखे धागे दिसतात का, ते पाहावे. दमट किनारपट्टीवर राहिलेल्या लेन्सबाबत विशेष काळजी घ्यावी.

कोणी घ्यावा, कोणी टाळावा?

चित्रफीत हवी असणाऱ्यांनी, काढलेले छायाचित्र क्षणात मोबाइलवरून पाठवू इच्छिणाऱ्यांनी आणि नियमितपणे रात्रीचे काम करणाऱ्यांनी डी७० च्या वाट्याला जाऊ नये. त्यांना चांगला मोबाइलही अधिक उपयोगी पडेल. छिद्र, वेग आणि आयएसओ यांचे नाते हाताने शिकायचे असेल, तर मात्र हा कॅमेरा उत्तम शिक्षक आहे. तो चुका झाकत नाही, त्यामुळे त्या कळतात.

शक्य असल्यास व्यवहारापूर्वी कॅमेरा एक दिवस मागून घ्यावा. दुपारी मकबऱ्यासमोर, घरी हिमरूच्या शालीवर आणि संयोजकांची परवानगी घेऊन सायंकाळी एखाद्या तालमीत तो वापरावा. उरलेल्या पैशांत ५० मिलिमीटरची एक लेन्स बसते का, याचाही हिशेब करावा. अंधारात उभ्या असलेल्या त्या विद्यार्थ्याला नटाचा उचललेला हात टिपता येईल की नाही, हे कॅमेऱ्यावर छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा त्या लेन्सवरच अधिक अवलंबून राहील.